मुक्काम आणि वेग

वरिष्ठाने काढलेला हुकूम आणि त्या हुकुमाची प्रत्यक्ष तामिली यांच्या दरम्यान जो विस्तीर्ण आणि बहुधा निर्मनुष्य असा प्रदेश पसरलेला असतो, त्या प्रदेशात ज्याने महसूल खात्याच्या नोकरीची उभी हयात काढली, त्याला अवघ्या ९ ग्रॅम वजनाच्या एका निळसर यंत्राने आज्ञापालनाविषयी फेरविचार करावयास लावावे, हे वाचकांस थोडे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पण पेन्शनीत निघालेल्या मनुष्याला शिकवू पाहणाऱ्या गोष्टी त्याचा पूर्वीचा हुद्दा विचारीत बसत नाहीत. हे यंत्र म्हणजे सर्व्हो मोटर. पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतील दुकानांतून, ती दोन-तीन पांढऱ्या पात्यांसह आणि इवल्याशा स्क्रूंसह प्लास्टिकच्या पिशवीत घालून मिळते. तिला तीन तारा असतात: तांबडी वीज आणते, तपकिरी ती परत नेते, आणि नारिंगी तारेवरून हुकूम येतात.

साध्या मोटरीला वीज दिली की ती फिरू लागते आणि काढून घेतली की थांबते. आपण किती फिरलो, कोठे येऊन उभे राहिलो, याची तिला खबर नसते आणि चाडही नसते. सर्व्होच्या पोटातही अशीच एक यःकश्चित मोटर असते. तिच्यापुढे दातेरी चाकांची एक साखळी असते, जी मोटरीची सैरावैरा धाव अनेक पटींनी मंद करून त्या बदल्यात तिचा जोर वाढवून घेते. आणि या साखळीच्या अखेरच्या आसाला, म्हणजे ज्यावर आपण पाते बसवतो त्याच आसाला, आतल्या बाजूने एक पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याच्या बटणामागे जो असे, तोच हा. आस वळला की याच्यावरचा विजेचा दाब बदलतो, आणि त्या दाबावरून आपण या क्षणी नेमके कोठे आहोत हे आतल्या चिमुकल्या मंडलाला कळते. कोठे असावयास हवे ते हुकूम सांगतो, कोठे आहोत ते पोटेन्शिओमीटर सांगतो, आणि या दोहोंची वजाबाकी शून्य होईपर्यंत मोटर आपले काम करीत राहते. मुक्कामावर पोचल्यावर बोटाने तिचे पाते ढकलून पाहिले, तर ती आतल्या आत गुरगुरते, बोटाशी झुंजते आणि बोट काढताच पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. हे पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की हिच्या आज्ञाधारकपणाचा आणि हिच्या बळाचा परस्परांशी फारसा संबंध नाही. बळ आतल्या मोटरीचे आहे आणि ती मोटर निरक्षर आहे. आज्ञाधारकपणा त्या साक्षीदाराचा आहे, जो स्वतः काडीही हलवीत नाही, फक्त आसाची जागा इमानाने सांगत असतो. कचेरीत आम्ही नेहमी बळाच्याच शोधात असू. साक्षीदाराची नेमणूक करावी हे फार थोड्यांना सुचे.

ही कल्पना काही या निळ्या डबीबरोबर जन्मास आलेली नाही. इझांबार्ड किंग्डम ब्रुनेल याने आखलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज १८५८ साली थेम्स नदीत उतरले, तेव्हा ६९२ फूट लांबीच्या त्या अजस्र देहाला शोभेल असे सुकाणू त्याला होते खरे, पण ते वळवणे ही मनुष्याच्या हातांची गोष्ट राहिलेली नव्हती. खवळलेल्या समुद्रात चाकावर माणसांची रांग लावावी, तरी सुकाणूच त्यांना खेचून नेई. नुसते वाफेचे इंजिन जोडून हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता, कारण इंजिनाला ओढणे कळते, कोठे थांबावे हे कळत नाही. जॉन मॅक्फार्लेन ग्रे नावाच्या अभियंत्याने त्यावर जी युक्ती काढली आणि १८६७ साली या जहाजावर बसवली, तिचे मर्म असे होते की नावाड्याने चाक वळवताच वाफेची झडप उघडावी, इंजिनाने सुकाणू ओढावयास लागावे, आणि सुकाणू वळत असतानाच त्याची तीच हालचाल मागे फिरून झडपेपर्यंत यावी व ती मिटवू लागावी. म्हणजे सुकाणू सांगितलेल्या जागी पोचण्याची घटका आणि वाफ बंद होण्याची घटका एकच ठरावी. एका मनुष्याच्या हलक्या हाताने त्यामुळे ते जहाज वळू लागले. झॉं जोझेफ लेऑं फार्को या फ्रेंच अभियंत्याने १८७३ साली या जातीच्या यंत्रांवर पॅरिसमध्ये सबंध पुस्तकच छापले, आणि त्या सुमारास मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानेही वाफेच्या इंजिनांच्या नियामकांवर गणित चालवून झाले होते. परंतु मला त्या पुस्तकाहून अथवा गणिताहून अधिक मोह पडतो तो या गोष्टीचा, की १८७० साली मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकण्यासाठी हे जहाज मुंबईच्या बंदरात येऊन उभे राहिले होते. किनाऱ्यावरून त्या प्रचंड जहाजाकडे पाहणाऱ्या बघ्यांच्या गर्दीत, त्याच्या पोटात सुकाणूची जागा झडपेला कळवणारा एक साक्षीदार दडलेला आहे, याची कल्पना कोणाला असणार!

आता हुकुमाच्या भाषेविषयी. ती मोठी काटकसरीची आहे. नारिंगी तारेवर दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदातून ५० वेळा, विजेची एक ठोक येते. तिची उंची नेहमी तीच. फरक पडतो तो ती किती वेळ टिकते एवढ्यात. ती १ मिलिसेकंद टिकली तर मोटरीने एका टोकाला जावे, २ मिलिसेकंद टिकली तर दुसऱ्या टोकाला, आणि दीड मिलिसेकंद टिकली तर बरोबर मध्यावर उभे राहावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. पुष्कळशा मोटरी या मर्यादा दोन्ही बाजूंनी थोड्या ओलांडतातही. हा शिरस्ता रेडिओच्या लहरींवर खेळण्यातील विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींनी पाडला. एकाच लहरीवरून सुकाणू, पंख, इंजिन अशा अनेक मोटरींना पाळीपाळीने हुकूम पाठवायचे, तर प्रत्येकाला फार तर २ मिलिसेकंद द्यायचे. आठ जणांचे मिळून १६ झाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणीस सुरुवात होत आहे हे कळावे म्हणून मागे थोडी शांतता ठेवायची, की २० मिलिसेकंदांचा हिशेब पुरा होतो. आज माझ्या टेबलावरच्या मोटरीला विमान माहीत नाही, रेडिओही माहीत नाही. पण ज्या प्रसंगासाठी नियम झाला तो प्रसंग नाहीसा झाल्यानंतरही नियम अव्याहत चालू राहतो, हे पाहून माझ्यासारख्या जुन्या कारकुनाला आपल्याच माणसांत आल्यासारखे वाटले.

हे हुकूम सोडण्याचे काम मायक्रोकंट्रोलरकडे असते. मी वापरतो त्या आर्डुइनो पाटीवर, जी इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली, विद्यार्थ्यांना स्वस्तात यंत्रे हलवता यावीत या हेतूने आकारास आली, बोटाएवढी एक काळी चिप असते आणि तिच्या शेजारी १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देत असतो. सर्व्होची एक अंशाची हालचाल म्हणजे ठोकेच्या लांबीत सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरक. तेवढ्या अवधीत या चिपच्या घड्याळाचे दीडशेहून अधिक टोले पडून जातात, तेव्हा काळ मोजण्याच्या बाबतीत तिला कसलीही अडचण नाही. अडचण असलीच तर स्मरणशक्तीची आहे. तिला काम करताना जी तात्पुरती स्मृती मिळते ती २ किलोबाइटांची. आपल्या देवनागरी अक्षरांना संगणकाच्या दप्तरी जेवढी जागा लागते तिच्या मानाने पाहता, हा चालू परिच्छेददेखील तिच्यात पुरता मावावयाचा नाही. आणि एवढ्या तोकड्या स्मृतीने ती तासन्‌तास बिनचूक हुकूम काढीत राहते. मात्र त्या हुकुमांची तामिली झाली किंवा नाही हे तिला कधीही कळत नाही. साक्षीदार मोटरीच्या पोटात आहे. त्याची जबानी डबीबाहेर येत नाही. पाते कोणी हाताने धरून ठेवले असेल, चाकाचा दात तुटला असेल, किंबहुना मोटर मुळी जोडलेलीच नसेल, तरी चिप आपल्या समजुतीने तिला ९० अंशांवर नेऊन ठेवते आणि पुढच्या ओळीकडे वळते. यंत्रमानवांसाठी अशाही सर्व्हो मिळतात, ज्या आपली जागा, आपल्यावरचा भार आणि आपल्या अंगाची उष्णता यांचा अहवाल मागितल्याबरोबर सादर करतात. पण त्यांची किंमत ऐकल्यावर मला अहवालावाचून चालवून घेण्याची जुनी सवय उपयोगी पडली.

हे सर्व कशासाठी, तर आमच्या घरच्या गौरींपुढील आराशीसाठी. पुण्यात गणेशोत्सवाच्या दिवसांत हलते देखावे पाहण्यासाठी रात्री जागवणाऱ्या पिढीतला मी. राक्षसाचा हात वर जातो, देवीचा त्रिशूळ खाली येतो, आणि पडद्यामागे कोणीतरी मोटर, पट्टा आणि लाकडी चकत्या यांच्याशी झगडत बसलेले असते, हे माहीत असूनही त्या हालचालीचे गारूड माझ्या मनावरून कधी उतरले नाही. तेव्हा गौरींपुढे जात्यावर दळण दळणारी एक बाई बसवावी, वीतभर उंचीची. जाते फिरत राहावे आणि मधूनमधून तिने मान वळवून दाराकडे पाहावे, असा माझा बेत. पुठ्ठ्याचा देह, कापसाचे केस आणि इरकली काठाचे लुगडे यांची तजवीज घरातील स्त्रियांनी माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कौशल्याने केली. मान आणि जाते माझ्याकडे आले. दुकानदाराने विचारले, “काका, एकशेऐंशी देऊ की तीनशेसाठ?” एकशेऐंशी म्हणजे आतापर्यंत वर्णन केली ती, अर्धे वर्तुळ फिरणारी, तीनशेसाठ म्हणजे थांबल्याशिवाय गोल फिरत राहणारी. मी दोन्ही घेतल्या. मानेला पहिली, जात्याला दुसरी.

मान प्रथम हलली तेव्हा घरात हशा पिकला. ६० अंश वळण्यास या मोटरीला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, असे तिच्या कागदावर लिहिलेले असते आणि त्यात अतिशयोक्ती नाही. शांतपणे दळत बसलेल्या त्या गृहिणीने दाराकडे असा काही हिसका मारून पाहिले की घरात दरोडा पडला असावा. आता साहजिकच मनात येते की मोटरीला हळू वळण्यास सांगावे. आणि येथेच या यंत्राच्या स्वभावाची खरी ओळख पटते, कारण हळू हा शब्द तिच्या भाषेतच नाही. ठोकेच्या लांबीत फक्त मुक्काम लिहिता येतो. मुक्काम कळला की ती आपल्या सर्व शक्तीनिशी तिकडे झेपावते. वाटेत किती वेळ घालवावा हे सांगण्यास त्या हुकुमात जागाच ठेवलेली नाही. विजेचा दाब कमी करून तिला मंद करता येईल असे एका शेजाऱ्याने सुचवले, परंतु तसे केल्याने तिचा जोर जातो, ती आळसावत नाही, अशक्त होते. आणि अशक्त मान कापसाच्या अंबाड्याखाली थरथरू लागते.

तेव्हा मार्ग एकच उरतो, आणि तो असा की ज्याला ६० अंशांचा प्रवास सावकाश घडवायचा आहे, त्याने तो स्वतः अगदी लहान लहान मुक्कामांत वाटून द्यावा. एक अंश पुढे जा, थोडे थांब. आणखी एक अंश, पुन्हा थोडे थांब. प्रत्येक मुक्काम मोटर आपल्या त्याच घाईने गाठते, पण मुक्कामच एवढा जवळ असतो की घाईला अंग पसरायला जागा मिळत नाही, आणि दुरून पाहणाऱ्याला या असंख्य थांबण्यांची मिळून एक संथ गती दिसते. वेग हा येथे मोटरीचा गुण राहत नाही. तो हुकूम देणाऱ्याच्या संयमाचा भाग होतो. हे कळण्यास मला पेन्शन घ्यावी लागली याचे वाईट वाटते, कारण तालुक्यात नवी पद्धत एकदम जारी करणारी आणि पुढे तिच्या मोडलेल्या दातांची चौकशी करणारी परिपत्रके मी स्वहस्ते पुष्कळ रवाना केली आहेत.

तथापि एकेक अंशाच्या समान पावलांनी वळणारी मानही मनाला पटेना. ती एकदम चालू होई आणि एकदम थांबे. मधला भाग संथ असूनही दोन्ही टोकांना यंत्र उघडे पडे. सजीव मान हलते तेव्हा ती नकळत निघते, मध्ये वेग घेते आणि पोचता पोचता रेंगाळते. यासाठी पावलांची लांबी बदलती हवी, आणि ती कोणत्या नियमाने बदलावी याचे उत्तर शोधताना मी इसवी सन ४९९ पर्यंत मागे गेलो. आर्यभटाने ‘आर्यभटीया’त वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २४ समान भाग पाडून ‘ज्यां’ची, म्हणजे आजच्या साइनची, जी सारणी दिली आहे, ती त्याने ज्यांच्या रूपात न देता त्यांच्यातील फरकांच्या रूपात दिली आहे: २२५ पासून आरंभ होतो, मग २२४, २२२, २१९ असे हे आकडे प्रथम सावकाश आणि पुढे झपाट्याने उतरत जाऊन अखेरीस ५१, ३७, २२ आणि ७ वर येतात. ग्रहांच्या गणितासाठी केलेली ही योजना. पण ती पाहताच, थांबण्याकडे येणाऱ्या मानेची पावले याहून निराळी असण्याचे कारण नाही, हे माझ्या ध्यानात आले. मग अर्ध्या वाटेपर्यंत तेच आकडे उलट्या क्रमाने, ७ पासून २२५ पर्यंत, आणि पुढील अर्ध्या वाटेला सुलट क्रमाने घेतले. सर्वांची बेरीज ३४३८ येते, तिच्या प्रमाणात तीस-तीस अंश वाटून दिले. आणि प्रत्येक पावलाला ४० मिलिसेकंद म्हणजे ठोकेच्या दोन फेऱ्या दिल्या. ४८ पावलांना मिळून जवळजवळ दोन सेकंद होतात. टोकांवरील ७ चे पाऊल एवढे सूक्ष्म पडते की मोटरीला ते जाणवतही नाही. काही मायक्रोसेकंदांचा फरक ती मनावर घेत नाही, आणि दोन-तीन पावले साचल्यावरच हलते. त्याने बिघडत काहीच नाही. दारात पाऊल वाजल्याचा आधी भास व्हावा आणि मग बाईने त्या दिशेला वळावे, तशी ती मान वळू लागली. आणि कुसुमपुराच्या त्या गणितज्ञाला, दीड हजार वर्षांनी आपले आकडे एका पुठ्ठ्याच्या गृहिणीच्या मानेत बसवले जातील हे कळले असते, तर तो रागावला नसता असे मी धरून चालतो.

विजेची व्यवस्था ही या कलेतील नीरस बाजू आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. मोटर निघताना आणि अडताना एकदम पुष्कळ प्रवाह ओढते. ती जर पाटीच्याच विजेवर जगत असेल, तर त्या क्षणी चिपची उपासमार होते, ती शुद्ध हरपते आणि कामाला पुन्हा पहिल्यापासून लागते. सबब मोटरींना स्वतंत्र पुरवठा द्यावा, त्यावर ४७० मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कपॅसिटर बसवावा, आणि दोन्ही पुरवठ्यांच्या परतीच्या तारा एकमेकींस जोडाव्यात. ही शेवटची गोष्ट मोठी मार्मिक आहे. संपत्ती वेगळी असली तरी चालते, पण शून्य सामाईक पाहिजे. ज्या दोघांचे शून्य एक नाही, त्यांच्यात एकाने पाठवलेल्या हुकुमाची उंची दुसऱ्याला मोजताच येत नाही.

आता जाते. तीनशेसाठ या नावाने विकली जाणारी मोटर ३६० अंशांतील वाटेल त्या अंशावर नेऊन उभी करता येईल, असा ग्राहकाचा समज होतो, आणि दुकानदार तो दूर करण्याची घाई करीत नाही. वस्तुस्थिती निराळी आणि, माझ्या मते, काहीशी करुण आहे. ही मोटर पहिलीच. फक्त तिच्यातील साक्षीदाराची मुस्कटदाबी केलेली असते. आसापासून पोटेन्शिओमीटर सोडवून घेतात, किंवा तो काढून त्याच्या जागी दोन समान रोधक बसवतात, जेणेकरून आस कोठेही असो, आतल्या मंडलाला सदोदित एकच जबानी ऐकू येते: आपण बरोबर मध्यावर आहोत. अशा मोटरीला मध्याचा हुकूम दिला तर वजाबाकी शून्य येते आणि ती उभी राहते. मध्याच्या किंचित पलीकडचा दिला तर तिला वाटते, थोडेच अंतर आहे. ती हळू निघते, आणि चालून चालून पाहते तो अंतर तेवढेच आहे. आणखी पलीकडचा दिला तर अंतर मोठे वाटते, म्हणून ती वेगाने निघते, आणि तरीही ते कमी होत नाही. मध्याच्या अलीकडचे हुकूम तिला याच न्यायाने उलट दिशेस धाडतात. सारांश, जी ठोक पहिल्या मोटरीला मुक्काम सांगत होती, तीच ठोक या मोटरीला वेग सांगू लागते. आणि या वेगाचे मोल म्हणून तिने मुक्कामाचा हक्क कायमचा सोडून दिलेला असतो. ती कधीच पोचत नाही, म्हणूनच सतत फिरू शकते. वेगाच्या बाबतीतही तिच्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही: मध्यापासून थोडे दूर सरकले की वेग आपली कमाल गाठतो आणि पुढचे सारे हुकूम वाया जातात. शिवाय तिचा मध्य दप्तरी मध्याशी जुळेलच असे नाही. १५०० मायक्रोसेकंदांचा हुकूम असताना जाते स्तब्ध असावयास पाहिजे; पण आमचे जाते मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, मुंगीच्या पावलांनी फिरत असे, आणि त्याचे खरे शून्य १५०० च्या थोडे अलीकडे हुडकून ठेवावे लागले. दुपारच्या उकाड्यात ते पुन्हा किंचित सरके.

गौरी आल्या, जाते फिरू लागले, मान वळू लागली. आल्यागेल्यांनी कौतुक केले, मुलांनी लुगड्याखाली डोकावून तारा पाहिल्या. आमच्या थोरल्या मावशी, ज्यांनी आयुष्याची पहिली पंचवीस-तीस वर्षे पहाटेच्या दळणात काढली, त्या मात्र काठी टेकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अरे, जातं असं एकसारखं फिरत नसतं. खुंटा ओढताना हाताला भार येतो, पलीकडे लोटताना हात सुटतो. आणि घास घालायचा झाला की सगळंच जरा मंदावतं. ही बाई दळत नाहीये, नुसतं दगडाबरोबर चाललीये.”

आक्षेप निरुत्तर करणारा होता, आणि त्यातली अडचण मावशींना ठाऊक नसली तरी मला तत्काळ दिसली. फेरीच्या अर्ध्या भागात एक वेग आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरा हवा, तर खुंटा या क्षणी फेरीच्या कोणत्या भागात आहे हे कोणालातरी ठाऊक पाहिजे. आणि ज्या मोटरीचा साक्षीदार काढून टाकल्यामुळे ती गोल फिरू शकली, तिला ते विचारण्यात काय हशील? काळ मोजून अंदाज बांधावा, तर तिचा वेग उकाड्याने आणि भाराने बदलतो, आणि पाच-दहा फेऱ्यांत अंदाज खुंट्याच्या नेमका उलट बाजूस जाऊन उभा राहतो. म्हणजे मुक्काम सोडून मिळवलेल्या वेगाला लय द्यायची, तर सोडलेल्या मुक्कामापैकी थोडा तरी परत आणणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे असे एक चुंबक आणि त्याची चाहूल ओळखणारा एक हॉल सेन्सर आणला. चुंबक जात्याच्या वरच्या तळीच्या कडेला चिकटवले, सेन्सर बाईच्या गुडघ्यामागे दडवला. आता प्रत्येक फेरीत एकदा, खुंटा बाईच्या अगदी जवळ असताना, चिपला एक इशारा मिळतो. मागच्या इशाऱ्यापासून या इशाऱ्यापर्यंत किती मिलिसेकंद लोटले याची ती नोंद घेते, त्या अवधीवरून चालू फेरीचा अंदाज बांधते, आणि अर्धी फेरी भराची, अर्धी सैल अशी हुकुमांची लांबी ठरवते. फेरीच्या उत्तरार्धात तिचे ज्ञान शिळे होत जाते हे खरे. पण शिळे होऊन बिघडण्याच्या आत चुंबक पुन्हा समोर येते आणि हिशेब नव्याने सुरू होतो. एकच साक्ष, तीही फेरीतून एकदाच. एवढ्यावर दळणाचा हेलकावा ओळखू येण्याइतका उमटला. दर सातव्या फेरीला चिप जाते मंद करते, तो घास.

संध्याकाळी मावशींना पुन्हा आणून दाखवले. त्यांनी पाहिले, मान हलवली, जात्याविषयी अवाक्षर काढले नाही, यावरून ते मंजूर झाले असे मी समजलो. मग म्हणाल्या, “पण ही सारखी दाराकडे का बघते रे? दळताना बघायला सवड कुठली? बघायचं ते घास घालताना, तेवढाच काय तो हाताला विसावा.”

मानेचे वेळापत्रक तोवर स्वतंत्र चालत असे. जात्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच रात्री चार ओळी बदलून ते चुंबकाच्या नोंदीला जोडून दिले, आणि तेव्हापासून दाराकडे पाहण्याची परवानगी मानेला फक्त घासाच्या फेरीपुरती आहे.